आमच्याकडे असं नसतं

घराण्याच्या वाटण्या होतात तेव्हा कुणाला जमीन मिळते, कुणाला पाटल्या, कुणाला देव. एखाद्याच्या वाट्याला मात्र चव येते. तो नेहमी मुलगाच असतो. मुलीला दिली तर ती चव परक्या घरी घेऊन जाईल, अशी धास्ती असते. हा वारसदार स्वतः स्वयंपाक करत नाही. त्याला तो येत नाही, आणि येत नाही याचं काही वाटतही नाही. त्याचं काम राखणदारीचं. भाजीत कूट किती, आमटीला आंबट कशाचं, पुरण गुळाचं की साखरेचं, पोळीवर तूप की दूध, या सगळ्यात घराण्याचा शेवटचा शब्द त्याचा.

आमच्या घरात हे खातं मधल्या काकांकडे आहे.

मधले काका बँकेतून निवृत्त झाले, पण खतावणी तपासण्याची नजर तशीच राहिली. ताट समोर आलं की हात लावण्याआधी ते डोळ्यांनी त्यावरून एक फेरी मारतात. मीठ वर, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे वरणभाताची मूद. नोंदी जागच्या जागी असल्या तरच चित्राहुती पडते. एकदा माझ्या वहिनीनं घाईघाईत कोशिंबीर उजव्या बाजूला वाढली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ताट फक्त अर्धं फिरवलं. कोशिंबीर डावीकडे आली खरी, पण भाजीही तिकडून इकडे आली आणि मीठ पोटाशी आलं. तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, ‘आमच्याकडे असं नसतं.’

वहिनी त्या घरात येऊन सहा वर्षं झाली होती.

मेरी डग्लस या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली शुद्धाशुद्धतेवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की घाण नावाची वेगळी वस्तू जगात नाही. चुकीच्या जागी पडलेली कुठलीही वस्तू म्हणजे घाण. बूट मुळात वाईट नाहीत, जेवणाच्या टेबलावर ठेवले की वाईट. कोशिंबिरीचंही तेच. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘बघ, साहेबांनासुद्धा पटलं,’ म्हणाले. साहेब नव्हे, बाई, हे मी सांगितलं. पण तोवर त्यांचा पहिला घास तोंडात गेला होता आणि त्या वेळी घरात कुणी बोलत नाही.

तो पहिला घास बघण्यासारखा असतो. डोळे मिटतात. जबडा दोनदा हलून थांबतो. स्वयंपाकघराच्या दारात काकू पदराला हात पुसत उभ्या असतात. चाळीसेक वर्षं संसार केलेली बाई, दोन मुलं वाढवलेली, स्वतः शाळेत शिकवून पेन्शन घेणारी. पण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीची कळा असते. मग काका म्हणतात, ‘हं.’ हे ‘हं’ तीन प्रकारचं असतं. लांबलं तर उत्तम. आखूड असलं तर ठीक. आणि शेवटी किंचित वर गेलं, की पुढे ‘आमच्याकडे’ येणार.

मी मानवशास्त्र शिकायला गेले तेव्हा काकांनी विचारलं होतं, ‘म्हणजे आदिवासींचा अभ्यास ना?’ मी म्हटलं, ‘हो, आणि तुमचासुद्धा.’ त्यांना तो विनोद वाटला. पुढे मी खरोखरच त्यांच्याकडे जेवायला जाताना मनातल्या मनात वही घेऊन जाऊ लागले.

या माणसाच्या ज्ञानाचा नकाशा मोठा गमतीचा आहे. चवीबद्दल त्याला सगळं ठाऊक, आणि ती चव जिथून येते त्या जागेबद्दल काहीच नाही. काकू एकदा भाच्याच्या लग्नाला आठवडाभर नागपूरला गेल्या. मधली दुपार. त्यांना मांडवात फोन आला. पलीकडून काका हळू आवाजात विचारत होते, ‘अगं, आपल्याकडे मोहरी असते का?’ घराण्याच्या फोडणीवर अर्धा तास व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांना मोहरी घरात असते की फोडणीच्या वेळी आकाशातून पडते, याचा अंदाज नव्हता. मिसळणाचा डबा ओट्यावर, त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता.

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं अल्जीरियातल्या कबाइल लोकांच्या घराचा असाच नकाशा मांडला आहे. तिथे घर म्हणजे बाईची बाजू, अंधाराची, ओलाव्याची. पुरुषानं उजाडताच बाहेर पडायचं, शेतात, सभेत. दिवसा घरात रेंगाळणाऱ्या पुरुषाकडे लोक संशयानं बघतात. काकांच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत आणि एक मण्यांचा पडदा आहे. काका तो पडदा फक्त फ्रीजमधल्या पाण्यासाठी ओलांडतात, आणि तेही परदेशी पाहुण्यासारखे, कशाला हात न लावता. पंचाईत झाली ती मुलानं वाकडला नवा फ्लॅट घेतला तेव्हा. तिथे ओपन किचन. भिंतच नाही. स्वयंपाकघर कुठे सुरू होतं तेच कळेना, त्यामुळे त्यात जायचं नाही म्हणजे नेमकं कुठे थांबायचं तेही कळेना. पहिल्या दिवशी काका सोफ्याच्या पाठीमागे बराच वेळ उभे होते. शेवटी सुनेनंच सांगितलं, ‘बाबा, या टाइल्स संपतात ना, तिथपर्यंत हॉल.’

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, आणि पुरुषांचा ९७. ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच. मुळात हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस होते. मी हा आकडा जेवताना वाचून दाखवला. काका म्हणाले, ‘सत्त्याण्णव म्हणजे काही कमी नाहीत.’ मग त्यांनी स्वतःचा हिशोब मांडला: सकाळी दूध आत घेणं, पेपर आत घेणं, पेपर वाचणं (‘घरातच वाचतो ना?’), वीजबिल मोबाइलवरून भरणं आणि काकू भाजी निवडत असताना शेजारी बसून निवडलेली बघणं. बेरीज शंभराच्या वर गेली. बँकेतला माणूस, बेरीज चुकली नव्हती.

पण काका अजिबात स्वयंपाक करत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते वर्षातून एकदा करतात. जानेवारीत पुण्याबाहेर कुणाच्या तरी शेतावर हुरडा असतो, आणि तिथे काका म्हणजे साक्षात बल्लवाचार्य. टोपी घालून, बाह्या सरसावून ते आगटीशी बसतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची हिरवी कणसं खुपसतात, चटका बसला की ‘हा!’ म्हणतात, गरम कणीस तळहातांवर चोळून दाणे पाडतात आणि पहिली मूठ मान्यवरांना देतात. भोवती माणसं उभी. कुणीतरी फोटो काढतंय. काका धुरातून डोळे पुसत म्हणतात, ‘आमच्याकडे हुरडा पुरुषच भाजतात.’

हे वाक्य ऐकून फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी काकांना मिठीच मारली असती. त्यांनी १९६५ साली लिहिलेल्या एका निबंधात भाजणं आणि उकडणं यांतला भेद सांगितला आहे. उकडलेलं अन्न भांड्यात, झाकणाखाली, घरातल्या माणसांसाठी. भाजलेलं उघड्या आगीवर, चारचौघांत, पाहुण्यांसाठी. पहिलं बहुधा बाईचं, दुसरं पुरुषाचं. जंगलातल्या जमातींपासून अमेरिकेतल्या घरामागच्या अंगणापर्यंत हे बरंच जुळतं, आणि रायगडकडच्या पोपटीलाही जुळतं: वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं, वर जाळ, आणि भोवती कमरेवर हात ठेवून उभे असलेले पुरुष. लेव्ही-स्ट्रॉस यांच्या त्या निबंधात एक गोष्ट मात्र मला कुठे सापडली नाही. हुरड्याच्या आदल्या रात्री दही कोण लावतं, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी कोण कुटतं, गूळ कोण फोडतं, ताटल्या कोण मोजून घेतं आणि परत आल्यावर धुराचा वास मारणारी टोपी कोण धुतं.

काकांचं ‘आमच्याकडे’ म्हणजे नेमकं कुणाकडे, याचा मी बरीच वर्षं माग काढत होते. ते एका जागी थांबतच नाही. थोरल्या काकांशी बोलताना ते स्वतःच्या फ्लॅटपुरतं असतं. शेजाऱ्यांशी बोलताना त्यात तिन्ही भाऊ येतात. काकूंच्या माहेरची माणसं आली, की ते वाईपासून पुण्यापर्यंत पसरतं आणि नागपूरचे तर्री-पोहे, फोडणीचं वरण पलीकडे जातं. जावई तामिळ आहेत. ते आले, की नागपूर झटक्यात आत घेतलं जातं आणि आख्खा महाराष्ट्र सांबाराविरुद्ध उभा राहतो. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आजच्या दक्षिण सुदानातल्या नुएर लोकांबद्दल १९४० साली हेच लिहून ठेवलंय. तिथे दोन वाड्या एकमेकींशी भांडतात, पण पलीकडच्या गावाशी भांडण निघालं की एक होतात, आणि दुसऱ्या टोळीशी निघालं की ती गावंही एक होतात. माणूस कुणाचा, हे समोर कोण आहे त्यावरून ठरतं. नुएर लोकांचा जीव गुरांत, काकांचा आमटीत, एवढाच काय तो फरक.

कळस झाला न्यू जर्सीत. मुलीकडे गेलेले असताना शेजाऱ्याच्या अंगणात बार्बेक्यूला बोलावणं आलं. जाळीवर कोंबडी होती. काकांनी जन्मात कोंबडी खाल्लेली नाही. शेजाऱ्यानं कौतुकानं विचारलं, तुमच्याकडे तंदुरी चिकन करतात ना? काका क्षणभर थांबले. समोर अमेरिका होती. ‘आमच्याकडे,’ त्यांनी धीरगंभीर इंग्रजीत सांगितलं, ‘ते दह्यात रात्रभर मुरवतात.’ मुलीनं ते ऐकून तोंडात रुमाल कोंबला.

एकादशीचा विषय मी त्यांच्याशी एकदाच काढला. साबुदाण्याच्या खिचडीवर त्यांची श्रद्धा आहे. ‘पूर्वापार’ हा शब्द ते तिच्याबद्दलच जास्त वापरतात. मी सांगितलं, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथला. मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगीज जहाजांतून आलेली. सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले तेच मुळी १९४०च्या दशकात. काकांनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ विचार करून त्यांनी ताटातली एकेक वस्तू डोळ्यांनी सीमेपार पाठवली. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘तूप?’ म्हणाले. तूप आपलं, मी कबूल केलं. ‘मग झालं तर,’ म्हणाले, आणि वरून आणखी एक चमचा सोडला.

चवीच्या राखणदारांची ही जात फक्त आमच्याच घरात पैदा होते असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर तिचा मालवणी वाण राहतो. ते गृहस्थ माशाच्या तुकड्याचा वास घेऊन तो कोणत्या बाजारातून आला ते सांगतात आणि बांगड्याच्या कालवणात त्रिफळं कमी पडली तर उपाशी उठतात. बोर्द्यूनं १९७९च्या आपल्या जाड ग्रंथात फ्रेंच कामगारांबद्दल लिहिलंय, की त्यांना मासा पुरुषाचं अन्न वाटत नाही: पोट भरत नाही, काटे काढत नाजूकपणे खावं लागतं, पुरुषाच्या हाताला ते शोभत नाही, काटे काढून द्यायला बायको लागते. त्या फ्रेंच कामगारांना आणून एकदा आमच्या खालच्या मजल्यावर बसवायला हवं. ते गृहस्थ पेडवा डोक्याकडून तोंडात घालतात आणि शेपटीकडून कंगव्यासारखा स्वच्छ काटा बाहेर काढतात. ज्याला हे जमत नाही त्याला ते पुरुष मानायलाच तयार नसतात. मर्दानगी माशात नसते, काट्यातही नसते. ती जिथे सांगितली जाईल तिथे जाऊन बसते. बोर्द्यूलाही शेवटी हेच म्हणायचंय. आपल्या आवडीनिवडी आपण जिभेवर ढकलतो, आणि त्या आपलं घर, वर्ग आणि शिक्षण बिनबोभाट सांगून मोकळ्या होतात.

आपल्याकडे त्या यादीत जात घालावी लागते. काका जातीबद्दल कधी बोलत नाहीत. तो विषय त्यांना असंस्कृत वाटतो. ते फक्त म्हणतात, ‘आमच्याकडे लसूण जरा कमीच.’ ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजतं, आणि म्हणणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. गोडा मसाला, साजूक तूप, मूद, लिंबाची फोड हे सगळं मिळून ‘मराठी जेवण’ म्हणून पुस्तकांत आणि हॉटेलांत बसलंय. त्या ताटात महाराष्ट्रातली बहुतेक माणसं कधी जेवलीच नाहीत. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्यावर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहिलं. ते मी काकांना वाढदिवसाला दिलं. त्यांनी ते बसून वाचून काढलं, पेन्सिलीनं खुणासुद्धा केल्या. त्यानंतर काही दिवस ते ताटावर काहीच बोलले नाहीत. काकू काळजीत पडल्या. डॉक्टरांना फोन करावा का, असं मला विचारलं. पुढच्या आठवड्यात आमटीवरून आवाज आला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

काकांच्या तरुणपणाचा एक प्रसंग काकू हटकून सांगतात. नोकरीची पहिली वर्षं ते मुंबईला परळच्या चाळीत राहात आणि गिरणगावातल्या एका बाईंकडे खानावळीत जेवत. गिरण्यांतले कामगार आपापल्या मुलखातल्या बाईकडे जेवायला जात; साताऱ्याचा साताऱ्याकडे, मालवणचा मालवणकडे. याच खानावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकांची कर्जं मिळवून देऊन सावकारापासून सोडवलं. काकांनी त्या बाईंकडे तिसऱ्याच दिवशी ‘आमच्याकडे’ सुरू केलं. बाईंनी भाकरी थापणं न थांबवता विचारलं, ‘कुटं ऱ्हाता?’ काका म्हणाले, ‘वाईला.’ ‘मग आठाची एसटी हाय,’ बाई म्हणाल्या, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. काका तिथे पुढे तीन वर्षं निमूट जेवले. त्या बाई मानवशास्त्र शिकल्या असत्या तर मला नोकरी मिळाली नसती.

आता मुख्य गोष्ट. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात उत्तरेकडे मुलगी अनोळखी घरात दिली जाते आणि दक्षिणेकडे नात्यातच, हा फरक त्यांनी नीट मांडला. महाराष्ट्र मधे पडतो. इथे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते. हे वाचताना माझ्या डोक्यात स्वयंपाकघर होतं. मामाची मुलगी केली, तर तिची सासू तिची आत्याच. म्हणजे सासूची आमटी आणि सुनेच्या माहेरची आमटी एकच. असं लग्न झालं नाही, की दर पिढीला चुलीशी एक परकी बाई येऊन उभी राहते, आणि तिनं शिजवलेलं खाऊन घरातले पुरुष त्याला घराण्याची चव म्हणतात. माझ्या आजीचं माहेर बेळगावचं. तिनं मधल्या काकांसाठी आपल्या भावाच्या मुलीचा घाट घातला होता. मुलगी सावळी म्हणून काकांनी नकार दिला आणि नागपूरची काकू केली. बेळगावची आमटी त्या नकारात गेली, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात वाईच्या जुन्या घरी तिन्ही भाऊ सहकुटुंब जमले होते. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुलं. आमरस, पोळ्या, कुरडया, भात, आमटी. आमटी थोरल्या काकूंनी केली होती. मधल्या काकांचं ‘हं’ शेवटी किंचित वर गेलं.

‘वहिनी, आईच्या आमटीत गूळ नावापुरता असायचा. आमच्याकडे आमटी म्हणजे आंबट-तिखट.’

‘छे!’ थोरले काका म्हणाले. ‘आई भरपूर गूळ घालायची. मी तर आमटी प्यायचो.’

‘गूळ होता,’ माझे बाबा म्हणाले, ‘पण चिंच नव्हती. आईची आमटी आमसुलाची.’

तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू तिघांना तीन आया होत्या. आवाज चढले. गुळावरून सुरू झालेलं भांडण आईचं कुणावर जास्त प्रेम होतं इथवर आलं. मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८१ साली तामिळ ब्राह्मण घरांतल्या जेवणावरच्या राजकारणाचा अभ्यास मांडला आहे. कुणाला आधी वाढायचं, कुणाला काय आग्रह करायचा, कुणाचा रुसवा कुठल्या पदार्थातून निघतो, असा. त्या पंगतीला ते असते तर त्यांना परत तामिळनाडूत जावं लागलं नसतं.

थोरल्या काकू आमटीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पळी काठावर टेकवली.

‘मामंजींना साखर निघाली, तेव्हा सासूबाईंनी आमटीतला गूळ बंद केला. दोन पातेली कोण करणार? तेव्हा भाऊजी, तुम्ही शाळेत होता. ह्यांना आठवते ती त्याच्या आधीची. मामंजी गेल्यावर गूळ परत आला.’

‘आणि आमसूल?’ बाबांनी विचारलं.

‘आमसूल माझं,’ काकू म्हणाल्या. ‘लग्न होऊन आले, रत्नागिरीहून येताना आईनं बरणी दिली होती. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेले. तुम्ही सातवीपासून माझ्याच हातचं जेवलात, धाकटे भाऊजी.’

बाबांचा घास हातातच राहिला. आईच्या आमटीवर त्यांनी एकदा दिवाळी अंकात लेख लिहिला होता. चांगला झाला होता तो.

‘पण मग,’ मधले काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खतावणी जुळत नसल्याची घालमेल होती, ‘आमच्याकडची खरी कुठली?’

‘डब्यात जे असेल त्याची,’ थोरल्या काकू म्हणाल्या.

काका गप्प झाले. एक घास, दोन घास. मग हिशोब लागला. ‘म्हणजे,’ ते सावकाश म्हणाले, ‘आमच्याकडे तिन्ही प्रकारची होत असे.’ आणि वाटी पुढे केली. बाकीच्या दोघांनीही केली. वाद मिटला आणि आमटी संपली.

बायकांची पंगत बसायची तेव्हा पातेल्यात आमटीचा नुसता डाग होता. आमरसही जवळजवळ गेलेला. कुणी फारसं हळहळलं नाही. माझ्या आईनं लगेच कढई चढवली आणि मधल्या काकूंनी बेसनाचा डबा काढला. ‘आमच्याकडे पिठल्याला लसूण ठेचून घालतात, हिरव्या मिरचीबरोबर,’ काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात हे ‘आमच्याकडे’ म्हणजे नागपूर होतं. चाळीसेक वर्षं ज्या घराची फोडणी त्यांनी सांभाळली, त्याला त्या अजून ‘ह्यांच्याकडे’ म्हणतात. सोलापूरच्या आईनं वरून शेंगांची चटणी घ्यायची ठरवलं. रत्नागिरीनं ओलं खोबरं सुचवलं, ते कुणी मानलं नाही, आणि त्यावरून काही झालंही नाही. आठ-दहा पाकळ्या लसूण ठेचला गेला. तो तेलात पडल्याबरोबर वास स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून ओसरीवर गेला. तिथे पान जुळवत बसलेल्या पुरुषांची बोलणी थांबली.

‘काय करताय गं?’ मधल्या काकांची हाक आली.

‘पिठलं.’

थोड्या वेळानं काका स्वतः दाराशी आले. उंबऱ्याच्या अलीकडे थांबले आणि हात लांब करून वाटी पुढे धरली. काकूंनी दोन पळ्या घातल्या. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या चाटून पाहिलं, डोळे मिटले, जबडा थांबला.

‘आमच्याकडे पिठल्यात लसूण नसतो,’ ते म्हणाले, आणि वाटी परत पुढे केली.